आठवा हात

११ फेब्रुवारी

दादाच्या कपाटात ही कोरी वही सापडली. रोजनिशी लिहिणं माझ्या स्वभावात नाही. पण आज सहज मोजलं, तर दिवसभरात मी चार वाक्यं बोलले होते. दोन दूधवाल्याशी, एक वहिनीशी आणि एक बंदुकीच्या नळीशी. नळीशी बोललेलं सगळ्यांत लांब होतं. तेव्हा म्हटलं, लिहावं.

दादाला जाऊन सात महिने झाले. खाली आमचं बंदुकांचं दुकान, त्याच्या मागे कामाची खोली, तिला लागून माझी खोली. वर दादा आणि वहिनी राहायचे. आता नुसती वहिनी. बाबांच्या काळापासून वाटणी ठरलेली होती: दादानं लाकूड आणि यंत्र बघायचं, मी पोलादाला रंग द्यायचा. लोकांना वाटतं बंदूक निळीकाळी जन्माला येते. ती जन्मते पांढरीफटक, आणि तशीच ठेवली तर पहिल्याच दमट आठवड्यात गंजते. निळा रंग ही तिची कातडी. ती मी चढवते. चाळीस वर्षं झाली.

दादाची शेवटची बंदूक अजून पांढरीच आहे. दुनळी आहे. नेमबाजी शिकवणारे एक मास्तर आहेत, त्यांनी सांगितलेली. दस्ता झाला, चाप बसला, नळ्यांच्या मुळाशी दादानं पानांची वेल कोरली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी शेवटचं पान कोरलं. राहिला फक्त माझा रंग. सात महिने मी तिला हात लावला नव्हता. आज फडक्यातून काढली आणि म्हटलं, "चला बाई, आता तुमची पाळी, किती दिवस अशा उघड्या बसणार?"

१४ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन आला. मे महिन्यात स्पर्धा आहे, तोवर होईल का विचारत होते. मग घसा खाकरून म्हणाले, तुमच्यावर भार पडत असेल तर मी गरम टाकीवाल्याकडे देऊ का, तो तासाभरात निळी करून देतो.

मी त्यांना समजावलं. गरम टाकीतल्या उकळत्या क्षारात एकनळी चालते. दुनळीच्या दोन नळ्या कथलाचा डाक लावून जोडलेल्या असतात. तो क्षार डाक खातो, आणि घरी गेल्यावर दोन नळ्या दोन दिशांना बघायला लागतात. आणि बाटलीतला जो थंड रंग मिळतो, तो ओरखडा झाकायला ठीक. मे महिन्यात लावला तर जूनमध्ये हाताला येतो.

"मग तुम्हीच करा," ते म्हणाले. जरा हिरमुसले असं वाटलं.

२१ फेब्रुवारी

आमची रीत गंजाची. गंजापासून वाचवायचं तर आधी गंजवायचं, असं बाबा सांगत. नळी कागदानं घासून आरशासारखी करायची, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, औषधाचा पातळ थर द्यायचा आणि ओलीच्या कपाटात टांगायची. काही तासांनी अंगभर बारीक तांबडा गंज धरतो. मग ती स्वच्छ पाण्यात उकळायची. उकळीत तांबडं काळं होतं. ते तारेच्या मऊ ब्रशानं झाडलं, की खाली रंगाची पहिली झाक दिसते. हा झाला एक हात. असे सात. सातव्याला आलं नाही ते आठव्याला येत नाही, ही बाबांची शिकवण.

आज सातवा झाला आणि नळी तपकिरी दिसते आहे. मातकट तपकिरी. जुन्या दाराच्या कडीसारखी.

मी आठवा दिला. फरक नाही.

२३ फेब्रुवारी

पाण्याचा दोष असणार. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन नवीन दुकानातून आणला होता. सगळा रंग औषधात विरघळवून काढला, नळी पुन्हा पांढरी केली, पुन्हा घासायला घेतली.

घरातलं काहीच धड नाही. माझ्या चादरी पिवळ्या पडल्यात. कपडे धुणं वहिनीकडे असतं, वर यंत्र आहे म्हणून. जिन्यात भेटली तेव्हा मी सांगितलं, की दादा असताना चादरी पांढऱ्या असायच्या. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "बघते, वन्सं."

नंतर मला वाटलं, दादाचं नाव मध्ये आणायला नको होतं.

४ मार्च

दुसरी खेप. पाचवा हात. पुन्हा तेच, विटकरी-तपकिरी काहीतरी. कामाच्या खोलीतला बल्ब अगदीच म्हातारा झालाय, पिवळाधमक उजेड. भोवती कडं दिसतं. वहिनीला म्हटलं तर ती म्हणाली, "परवाच बदललाय मी." मग थांबून म्हणाली, "तुम्ही खिडकीपाशी का नाही बसत? उजेडात बसा."

चाळीस वर्षं ज्या जागी बसते ती जागा आता ही मला शिकवणार. दुकानाचा परवाना तिच्या नावावर झाल्यापासून तिला वाटतं खोलीही तिच्याच हुकमात आली. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं तिला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.

जेवणाचं ताट ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झाकून ठेवते. मी घेते, घासून परत ठेवते. गेले कित्येक महिने आम्ही एका टेबलावर बसलेलो नाही. सुरुवात कोणी केली ते आता आठवतही नाही. एकदा मला बरं नव्हतं म्हणून ताट खाली आलं, आणि मग ते खालीच येत राहिलं.

८ मार्च

सातवा हात. वहिनी खाली आली, नळी उचलून दाराशी नेली, फिरवून बघितली. "छान आली की."

माणूस गेल्यावर घरच्यांनी एकमेकांना बरं वाटावं म्हणून बोलायचं, त्यातलंच ते. तिला पोलादातलं काय कळतं? ती वर गेली आणि मी रंग काढायला घेतला.

दादा असता तर त्यानं सांगितलं असतं कुठे चुकतंय. शेवटची दोन वर्षं तो माझं प्रत्येक काम बघायचा. मी ब्रश फिरवत असले की मागून यायचा, खांद्यावरून वाकायचा आणि म्हणायचा, "बस. झालं." तेव्हा राग यायचा. वाटायचं, म्हातारपणी याचा माझ्यावरचा विश्वास उडाला. आता मागून कोणी "बस" म्हणत नाही, तर हात थांबायचा कुठे ते कळत नाही.

१० मार्च

घासताना वेलीवरून अंगठा फिरवला. पूर्वीसारखी लागत नाही. बोटांची कातडी जाड झाली असेल, इतक्या औषधात हात घालून.

१७ मार्च

तिसरी खेप. औषधवाल्याला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणतो, बाई, तीच बाटली मी आणखी चौघांना दिली, कोणाची तक्रार नाही. नाचता येईना अंगण वाकडं. ते चौघं काय रंग काढत असतील तो त्यांचा त्यांना माहीत.

एक बरं झालं. चादरी पांढऱ्या यायला लागल्या. वहिनीनं मनावर घेतलं म्हणायचं. उशीचे अभ्रेही स्वच्छ. आज वाळत घातलेल्या चादरी काढताना समोरचा शिंपी म्हणाला, "ताई, या निळ्या चादरी कुठून आणल्यात? छान आहेत."

मी म्हटलं, "आधी चष्मा बदला."

तो हसला नाही. विनोद कळला नसावा.

२५ मार्च

नळी नाहीशी झाली आहे.

काल सहावा हात देऊन, झाडून, खुंटीला टांगली होती. आज सकाळी खुंटी रिकामी. मी आधी स्वतःवरच संशय घेतला, सगळी कपाटं उलटीपालटी केली. मग जिना चढून वर गेले. आठ महिन्यांत दुसऱ्यांदा.

वहिनी स्वयंपाकघरात उभी होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "माझ्या कपाटात आहे. मी देणार नाही."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. परवान्याचं बोलले, दुकान विकायचा तुझा डाव आहे म्हणाले, दादाचं शेवटचं काम माझ्या हातून पुरं व्हायला नको आहे तुला, असंही म्हणाले. अहोजाहोही सुटलं. ती ऐकत राहिली. मग हात पुसून म्हणाली, "नळी निळी आहे, वन्सं. पहिल्या खेपेलाही निळीच होती. दुसऱ्या खेपेलाही."

"तुला कामातलं काय कळतं?"

"कामातलं नाही कळत. निळं कळतं."

तिनं कपाटातून नळी काढली, फडकं सोडलं. शिवणयंत्राचं तेल लावून ठेवली होती, गंजू नये म्हणून. माझं बोट धरून तिनं नळीच्या मुळाशी नेलं. तिनं असं माझं बोट कधी धरलं नव्हतं.

"नऊ पानं होती," ती म्हणाली. "आता हे एक नीट उरलंय. बाकीची तुम्ही घासलीत. एवढं तरी राहू द्या."

२७ मार्च

दोन दिवस काही लिहिलं नाही. खालीच बसून होते.

परवा ती आणखी जे बोलली ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर माझ्या सोयीनं बदलणार नाही. दादाला माझ्या डोळ्यांचं दोन वर्षांपासून माहीत होतं. एकदा मी चांगला निळा रंग 'मळका' म्हणून पुन्हा काढायला निघाले, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं वहिनीला शपथ घातली, तिला सांगू नकोस, रंग सोडून तिच्याकडे दुसरं काय आहे, मी आहे ना बघायला. म्हणून तो मागून येऊन "बस" म्हणायचा. पुढे मी नसलो तर काय, याचा त्यानं विचार केला नव्हता. तसा तो कशाचाच पुढचा विचार करत नसे.

आणि चादरी. वहिनी त्यांना नीळ घालत होती. आधी थोडी, मग जास्त, मग मी गप्प होईपर्यंत.

मला दादाचा फार राग आला आहे. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे किती गैरसोयीचं आहे. त्याला वाटलं तो मला सांभाळतो आहे. मला आंधळं ठेवून सांभाळलं.

हे लिहिलं, आणि लगेच वाटलं की चुकीचं आहे. पण खोडणार नाही.

४ एप्रिल

वहिनी बरोबर आली. मी नको म्हटलं होतं, तरी पिशवी घेऊन दाराशी उभी. डोळ्यांची डॉक्टरीणबाई बोलायला साधी. म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, जुना आहे. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण ते रोज केसभरच बदलतं. निळा सगळ्यांत आधी जातो.

मी पाण्यापासूनचं सगळं सांगून विचारलं, "माझं काम निळ्याचंच आहे. मग मला आधी कळायला हवं होतं ना?"

ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं. तुम्ही पाण्यावर आणि औषधावर घातलंत."

घरी आल्यावर वहिनी जिन्याच्या खाली थांबली. मला वाटलं, म्हणणार की वर चला. ती म्हणाली, ताट ठेवते. आणि गेली. मीही वर येते म्हणू शकले असते.

२० एप्रिल

उजव्या डोळ्याचं काल झालं. आज पट्टी काढली.

डॉक्टरीणबाईंनी फार लिहायचं नाही म्हटलंय, पण एवढं लिहिते. भिंत पांढरी आहे. मी तिला पिवळसर समजत होते. दवाखान्याच्या पडद्याचा निळा इतका जोरात अंगावर आला की मी मान फिरवली. घरी येऊन माझ्या अंथरुणाकडे बघितलं. चादर शाईची दौत सांडल्यासारखी. मला हसू आलं, आणि मग हसू थांबलं. त्या चादरीवर मी महिनाभर झोपले, स्वच्छ आहे म्हणून. समोरच्या शिंप्याला चष्मा बदलायला सांगितलं.

वहिनीचा चेहराही नीट दिसला. ती खूप थकली आहे. दादा गेल्यापासून मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. त्यात डोळ्यांचा दोष नव्हता.

मग तिला नळी आणायला सांगितली. खिडकीशी नेऊन उजव्या डोळ्यानं बघितली.

रंग सुरेख आहे. सहा हातांत आलेला, खोल, पाण्याखालच्या दगडासारखा निळाकाळा. माझ्या चाळीस वर्षांतल्या चांगल्या कामांत बसेल असा. आणि त्याच्याखाली दादाची वेल, पुसत गेलेल्या पाटीसारखी. दोन पानांचे देठ आहेत, पातं नाही. एका ठिकाणी नुसता खळगा. शेवटचं पान तेवढं धारदार, कारण ते कोपऱ्यात आहे आणि तिथे माझा कागद पोचत नव्हता.

तीन वेळा. तीन वेळा घासली मी.

३ मे

मास्तरांना फोन करायला चार दिवस लावले. नंबर फिरवायचा आणि ठेवायचा. वहिनी म्हणाली, "मी करू का?" म्हटलं, नको.

दुसऱ्या कारागिराकडून वेल पुन्हा खोल कोरून घ्यावी असं मनात आलं होतं. एकाला दाखवलीसुद्धा. तो म्हणाला, करून देतो, कोणाला कळणार नाही. तिथेच मी नळी परत घेतली. दुसऱ्याच्या हातानं कोरून ती दादाची म्हणून द्यायची, हे आणखी एकदा घासण्यासारखंच झालं असतं.

१० मे

मास्तर आले. बंदूक जोडून तयार ठेवली होती. त्यांनी खांद्याला लावली, उघडली, मिटली. दादाचा चाप मऊ आहे, ते खूश झाले. मग अंगठा नळीच्या मुळाशी गेला आणि तिथेच थांबला.

"इथे वेल होती ना? त्यांनी मला कागदावर काढून दाखवली होती."

"होती. मी घासली."

सगळं सांगितलं. डोळ्यांचं, तीन खेपांचं. नको असेल तर ठेवून जा, असंही म्हटलं. त्यांनी बंदूक उजेडाला धरून वेलीच्या जागेवरून पुन्हा अंगठा फिरवला. समजूतदार माणूस आहे, पण मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणारा नाही.

"ते असते तर पुन्हा कोरून दिली असती," ते म्हणाले.

"हो."

"रंग मात्र चांगला आलाय."

चाळीस वर्षांत कौतुक इतकं कधी टोचलं नाही. ते बंदूक घेऊन गेले. दार लागल्यावर लक्षात आलं, की दादानं केलेलं आता या घरात काही राहिलं नाही. त्याचं स्टूल आहे, तेही बाबांनी केलेलं.

वहिनी वरून खाली आली होती, सगळं ऐकत पडद्यामागे उभी होती. म्हणाली, "गेली?"

"गेली."

मग ती म्हणाली, "वर चला. इथे ताट वाढून आणायचा कंटाळा आलाय मला."

गेले. टेबलावर आमच्यामध्ये फार काही बोलणं झालं नाही. पण दोन ताटांचा आवाज होतो.

१८ मे

डाव्या डोळ्याचं जुलैत. तोवर वाफेच्या फार जवळ जाऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. काम तर येऊन पडलंय, एका म्हातारबुवांची एकनळी. मी कुरकुरत होते, तर वहिनी सरळ दादाच्या स्टुलावर येऊन बसली. त्यावर कोणी बसलं नव्हतं इतके महिने. ती म्हणाली, "मला शिकवा. उकळायचं मी करते, घासायचं तुम्ही."

मी म्हटलं, आधी हात बघू. काहींचा हात ओला असतो. त्यांच्या घामानं पोलाद गंजतं, किती पुसलं तरी. बाबांनी आम्हा दोघांची परीक्षा घेतली होती. दादा नापास झाला म्हणून लाकडाकडे गेला. एक पोलादी पट्टी आरशासारखी घासली, तेल काढलं आणि वहिनीला तळवा दाबून ठेवायला सांगितला. पट्टी रात्रभर ओलीच्या कपाटात.

१९ मे

सकाळी पट्टी काढली. पाचही बोटं, तळव्यासकट, तांबड्या गंजात उठलेली. रेषासुद्धा मोजता येतील.

वहिनीचं तोंड उतरलं. "म्हणजे मी नापास."

"पुरत्या नापास," मी म्हटलं. "दादापेक्षा वाईट."

ती हसली. मीही. मग तिला म्हटलं, आता ही पट्टी उकळीत सोडा, बघा काय होतं. मी लांब उभी राहिले, वाफेपासून. तिनं चिमट्यानं पट्टी बुडवली, वीस मिनिटं खाली वाकून बघत राहिली, वाफेनं केस ओले. बाहेर काढली तेव्हा तांबडं सगळं काळं झालं होतं. मी ब्रशानं हलकेच झाडलं, तेलाचा बोळा फिरवला. पांढऱ्या पोलादावर तिचा हात निळा उमटला होता. एकाच हातात आलेला, फिका, पण निळा.

ती पट्टी खिडकीशी नेऊन उलटसुलट करत होती. "बोटं केवढी जाडी दिसतायत माझी," म्हणाली. मग पट्टी माझ्या हातात दिली. "घासून टाका. चांगली पट्टी वाया कशाला घालवायची?"

"राहू द्या," मी म्हटलं. "माझं घासून झालंय."